जास्त वॅटचं व्हेप घेण्याआधी: कॉइल, सेल, निकोटीन आणि कायद्याचा हिशोब

व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, खोक्यावर ८०, १००, २०० असे वॅटचे आकडे ठळक छापलेले असतात आणि नवख्या माणसाची नजर तिथंच अडकते. लहान पॉडनं, म्हणजे कमी वॅटच्या छोट्या व्हेपनं, तलफ भागत नाही, म्हणजे मोठं यंत्र हवं, असं त्याला वाटतं. बहुतेक वेळा हे निदान चुकीचं असतं. तलफ भागणं हे एकट्या वॅटवर ठरत नाही. कॉइल, म्हणजे आतली तापणारी तार, किती ओहमची, हवा किती मोकळी, लिक्विडमध्ये निकोटीन किती आणि सेल किती अँपिअर देऊ शकतो, या चार गोष्टी एकमेकींशी जुळल्या तरच यंत्र नीट चालतं. कृष्णेकाठच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तीनची मोटार काढून पाचची बसवली, पण पाइप तोच, फूटव्हॉल्व्ह तोच आणि विजेचा दाब कमी असला, तर पाणी वाढत नाही, मोटार जळते.

पण त्याआधी हा लेख कोणासाठी आहे ते स्पष्ट करायला हवं. सांगली, मिरज, कराड, सातारा भागातली बरीच मंडळी शिक्षणासाठी, नर्सिंगसाठी, नोकरीसाठी ब्रिटनमध्ये आहेत. तिथं १८ वर्षांवरच्या माणसाला व्हेप कायद्यानं विकत घेता येतं. त्यांच्यातल्या जे आधी सिगारेट ओढत होते, ती सोडण्यासाठी व्हेपकडे वळले आणि आता मोठं यंत्र घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ज्यानं कधी सिगारेट ओढलेली नाही त्यानं लहान, मोठं कुठलंच व्हेप घेऊ नये. निकोटीनची सवय लागायला धूर लागत नाही, वाफही पुरते. व्हेप सिगारेटपेक्षा कमी घातक आहे, असं ब्रिटनची आरोग्ययंत्रणा सांगते ते सिगारेट ओढणाऱ्यांना. निर्व्यसनी माणसाला ती तुलना लागूच होत नाही.

भारतात राहणाऱ्यांसाठी उत्तर एकच आहे: घेऊ नका. १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्रानं अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आयात-निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप आणि जाहिरात या सगळ्यावर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करून ठेवला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘निकोटीन नसलेलं चालतं’ अशी एक समजूत कॉलेजच्या पोरांमध्ये फिरते, ती खोटी आहे. कायद्याच्या व्याख्येतच ‘निकोटीन असो वा नसो’ असं म्हटलंय. ‘नुसती कॉइल मागवली, यंत्र थोडंच मागवलं’ हेही चालत नाही, कारण बंदी सुट्या भागांवरही आहे. सांगलीत किंवा साताऱ्यात कुणी गुपचूप विकत असेल तर तो माल कुणी बनवला, त्यात काय घातलंय, सेल खरा की खोटा, हे तपासायची कुठलीच सोय नाही. मोठ्या वॅटच्या यंत्राबाबत हा धोका जास्तच, आणि तो का ते पुढं सेलच्या भागात कळेल.

वीज कुठं जाते

व्हेपच्या आत जळत काही नाही, तापतं. बारीक तारेची कॉइल असते, तिच्याभोवती कापूस. कापूस लिक्विड शोषून घेतो, बटण दाबलं किंवा ओढलं की सेलमधून वीज कॉइलमध्ये जाते, तार तापते आणि कापसातल्या लिक्विडची वाफ होते. लिक्विडमध्ये चार घटक असतात: प्रॉपिलीन ग्लायकॉल, म्हणजे पीजी, व्हेजिटेबल ग्लिसरीन, म्हणजे व्हीजी, स्वाद, आणि निकोटीन. पीजी पातळ असतं, स्वाद चांगला पोचवतं आणि घशाला सिगारेटसारखा ठसका देतं. व्हीजी दाट आणि गोडसर, ढग त्यामुळं मोठे होतात. बाटलीवर ५०/५० किंवा ७०/३० लिहिलेलं असतं ते याच दोघांचं प्रमाण.

आता आकडेमोड. दहावीच्या विज्ञानातला ओहमचा नियम इथं पुरतो. विद्युतधारा म्हणजे व्होल्ट भागिले ओहम, आणि वॅट म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो. त्यावर थेट १ ओहमची कॉइल जोडली तर ४.२ अँपिअर वाहतील आणि साधारण १७.६ वॅट होतील. ०.५ ओहमला ८.४ अँपिअर आणि ३५ वॅट. ०.२ ओहमला २१ अँपिअर आणि ८८ वॅट. रोध निम्मा झाला की वीज दुप्पट. म्हणून ‘०.१५ ओहमची कॉइल’ हे ऐकायला छोटं वाटलं तरी सेलच्या दृष्टीनं ते प्रचंड ओझं आहे: २८ अँपिअर.

हा हिशोब थेट जोडणीचा. अशा थेट जोडणीच्या यंत्राला मेकॅनिकल मॉड म्हणतात. त्यात सेल, बटण आणि कॉइल, बस. मध्ये चिप नाही, शॉर्ट झालं तर वीज तोडणारं काही नाही. नवख्यानं याच्या वाटेला जाऊ नये, आणि या बाबतीत आम्ही कुठलीही सूट देणार नाही. दुकानदार ‘पॉवर बघा’ म्हणाला तरी नाही.

चिप असलेल्या यंत्रात वॅट तुम्ही ठरवता आणि चिप त्याप्रमाणे व्होल्ट कमी-जास्त करते. यात एक गंमत अशी की, सेल उतरत जातो तसा त्याच्यावरचा ताण वाढतो. ६० वॅट लावलेत आणि चिप ९० टक्के कार्यक्षम आहे असं धरा. सेलमधून साधारण ६७ वॅट ओढावे लागतात. सेल ४.२ व्होल्टवर असताना त्यासाठी १६ अँपिअर पुरतात. तोच सेल ३.२ व्होल्टवर आला की २१ अँपिअर लागतात. म्हणजे ‘बॅटरी थोडीच राहिलीय, आता यंत्र हळू चालत असेल’ हा अंदाज उलटा ठरतो. सेल निवडायचा तो या शेवटच्या आकड्यावरून.

सेल: इथं चूक केली तर आग लागते

मोठ्या यंत्रांत दोन मापांचे सेल सर्रास येतात. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. २१७०० म्हणजे २१ आणि ७०. सेलवर दोन आकडे महत्त्वाचे असतात. एक एमएएच, म्हणजे साठा किती. दुसरा अँपिअर, म्हणजे एका वेळी किती ओढता येतं. नवखा माणूस पहिला आकडा बघतो, बघायला हवा दुसरा. १८६५० मापात साठा वाढवला की सहसा अँपिअर घटतात. उदाहरणार्थ, सॅमसंगचा २५आर हा २५०० एमएएचचा सेल २० अँपिअर सतत देऊ शकतो. त्यांचाच ३०क्यू ३००० एमएएचचा आहे, पण कंपनीचा आकडा १५ अँपिअर. वरच्या हिशोबातले २१ अँपिअर यांपैकी एकही एकट्यानं आरामात देणार नाही. म्हणून एका १८६५० सेलच्या यंत्रावर ४५ ते ५० वॅटच्या वर जाऊ नये, खोक्यावर ८० लिहिलेलं असलं तरी. ८० वॅट खरंच हवे असतील तर दोन सेलचं यंत्र घ्यावं. ओझं वाटलं जातं आणि प्रत्येकावर शेवटी शेवटी सुमारे १४ अँपिअर येतात.

आता खोट्या सेलची गोष्ट. १८६५० मापात खरा साठा सहसा ३६०० एमएएचच्या फार पुढं जात नाही. टॉर्चच्या दुकानात ‘९८०० एमएएच’ छापलेले चकचकीत सेल दिसतात, त्यांतला आकडाच अशक्य आहे. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून काढलेले सेल नवं प्लास्टिक चढवून विकले जातात, तेही बाजारात आहेत. टॉर्चला एक-दोन अँपिअर लागतात, तिथं ते चालून जातात. २० अँपिअर ओढले की तेच सेल तापतात, वायू सोडतात, पेट घेतात. सॅमसंग, एलजी, सोनी यांसारख्या सेल बनवणाऱ्या कंपन्यांनी आपले सुटे सेल व्हेपमध्ये वापरू नयेत असं सांगितलेलं आहे, हेही माहीत असावं. म्हणूनच आमचा कल नवख्या माणसाच्या बाबतीत स्पष्ट आहे: पहिलं मोठं यंत्र आतच बॅटरी बसवलेलं घ्या. सेल बदलता येत नाही म्हणून त्याचं आयुष्य कमी, हे खरं. पण सेल निवडणं, सांभाळणं, जोडी लावणं या तिन्ही चुकांची शक्यताच राहत नाही.

सुटे सेल वापरणारच असाल तर एक गोष्ट हातात धरून बघा. सेलचं संपूर्ण धातूचं भांडं ऋण असतं. धन टोक म्हणजे फक्त वरचं बटण. दोघांच्या मध्ये वरच्या कडेला कागदाची किंवा प्लास्टिकची एक पांढरट चकती आणि बाहेरून पातळ रंगीत आवरण, एवढंच अंतर. ते आवरण वरच्या कडेला नखाएवढं फाटलं तरी यंत्राच्या धातूच्या अंगाला लागून शॉर्ट होऊ शकतं. फाटकं आवरण दिसलं की सेल वापरायचा नाही. आवरण स्वस्तात मिळतं, जमत असेल तर बदला, नाहीतर सेल जमा करून टाका. खिशात चिल्लर किंवा किल्ल्यांसोबत सुटा सेल कधीही ठेवू नये, मांडी भाजल्याच्या बहुतेक घटना अशाच घडतात. प्लास्टिकची डबी स्वस्तात येते. दोन सेलचं यंत्र असेल तर दोन्ही एकाच दिवशी घेतलेले, एकाच जातीचे, कायम एकत्र वापरलेले आणि एकत्र भरलेले हवेत. एक जुना, एक नवा अशी जोडी लावली की जुना आधी उतरतो आणि नवा त्याला बळंच ओढतो.

चार्जिंगला मोबाइलचा फास्ट चार्जर सरसकट लावू नका. यंत्राच्या पुस्तिकेत ‘५ व्होल्ट, २ अँपिअर’ असं लिहिलेलं असतं, तेवढ्याचाच साधा चार्जर लावा. गादीवर, उशीखाली, रात्रभर झोपेत चार्जिंग नको. सेल फुगला, गोड किंवा रासायनिक वास आला, हातात धरवणार नाही इतका तापला, तर वापर तिथंच थांबवा आणि घराबाहेर फरशीवर ठेवा.

खरी निवड: कसं ओढणार

वॅटच्या आधी हे ठरवायचं. सिगारेट ओढणारा माणूस आधी तोंडात धूर घेतो आणि मग छातीत. याला एमटीएल (माउथ टू लंग) म्हणतात. हुक्क्यासारखं थेट छातीत ओढणं म्हणजे डीटीएल (डायरेक्ट टू लंग). दोन्हींसाठी यंत्र, कॉइल, लिक्विड सगळंच वेगळं लागतं.

एमटीएलला ०.८ ते १.२ ओहमची कॉइल, १० ते १८ वॅट, हवेची फट बारीक, पीजी-व्हीजी ५०/५० आणि निकोटीन प्रति मिलिलिटर १० ते २० मिलिग्रॅम. डीटीएलला ०.१५ ते ०.४ ओहम, ४० ते ८० वॅट, हवा मोकळी, व्हीजी ७० टक्के किंवा जास्त आणि निकोटीन ३, फार तर ६ मिलिग्रॅम. मधला एक प्रकार आहे, ०.४ ते ०.६ ओहम आणि २० ते ३५ वॅटचा, थोडा मोकळा कश. पहिल्यांदाच वर चढणाऱ्याला हा मधला प्रकार सर्वांत सोयीचा, असं आमचं मत. सेलवर ताण नाही, लिक्विड बेतानं लागतं आणि नाही आवडलं तर त्याच यंत्रात १ ओहमची कॉइल घालून परत मागं येता येतं.

निकोटीनचा घोळ इथंच होतो. ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायची व्हेप विकायला बंदी आली. ती वापरणाऱ्यांना प्रति मिलिलिटर २० मिलिग्रॅमची सवय झालेली असते, कारण तिथं कायद्यानं तीच कमाल मर्यादा आहे. असा माणूस मोठं यंत्र घेतो आणि हातातलं २० मिलिग्रॅमचं लिक्विड त्यातच ओततो. १२ वॅटच्या कॉइलवर एका झुरक्यात जेवढी वाफ होत होती, त्याच्या कैक पट वाफ ६० वॅटवर होते. दोन झुरक्यांत गरगरायला लागतं, मळमळ, घाम, धडधड, डोकं ठणकणं सुरू होतं. हे ‘यंत्र पॉवरफुल आहे’ याचं लक्षण नाही, निकोटीन जास्त झाल्याचं आहे. ओढणं थांबवायचं, मोकळ्या हवेत बसायचं, पाणी प्यायचं. उलट्या थांबत नसतील किंवा छातीत त्रास असेल तर दवाखाना गाठायचा.

दिवसाचा हिशोब मांडून बघितला की कळतं. कुणी २० मिलिग्रॅमचं लिक्विड दिवसाला २ मिली वापरतो, म्हणजे ४० मिलिग्रॅम निकोटीन वाफेत गेलं. दुसरा ३ मिलिग्रॅमचं १० मिली वापरतो, म्हणजे ३० मिलिग्रॅम. दुसऱ्याचं यंत्र पाचपट मोठं, ढग खोलीभर, लिक्विड पाचपट आणि निकोटीन उलट कमीच. तलफ भागवायची असेल तर मोठ्या यंत्रानं हाती काही लागत नाही. छातीत मात्र पाचपट वाफ जाते, आणि त्यातल्या स्वादद्रव्यांचा फुप्फुसावर वर्षानुवर्षं काय परिणाम होईल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

म्हणून लहान पॉडनं भागत नाही असं वाटलं की या क्रमानं बघावं. निकोटीन किती आहे? ६ असेल आणि तुम्ही दिवसाला पाकीटभर सिगारेट ओढणारे होता, तर आधी १२ किंवा १८ वर जा. कॉइल किती जुनी? दोन आठवडे झाले असतील तर बदला, जुन्या कॉइलवर वाफही कमी येते आणि चवही जाते. तुम्ही भरभर तीन-चार झुरके घेऊन लगेच निकाल लावता का? वाफेतलं निकोटीन सिगारेटपेक्षा सावकाश चढतं, पाच-सात मिनिटं थांबून बघा. सिगारेटही चालू आहे का? मग यंत्र कितीही मोठं घ्या, अर्धी सिगारेट आणि अर्धं व्हेप यात शरीराला फारसा फायदा नाही. सिगारेट पूर्ण सुटणं हाच मुद्दा आहे. एवढं सगळं बघूनही भागत नसेल तरच २० ते ३५ वॅटच्या यंत्राकडे वळा.

खर्चही वॅटबरोबर वाढतो. ब्रिटननं १ ऑक्टोबर २०२६ पासून दर १० मिली लिक्विडवर २.२० पौंड कर ठरवलाय, निकोटीन असो वा नसो. दिवसाला ३ मिली वापरणाऱ्याला महिन्याचे ९० मिली, म्हणजे जवळपास २० पौंड नुसता कर. १० मिली वापरणाऱ्याला ६६ पौंड. शिवाय तिथं टाकी २ मिलीपेक्षा मोठी विकता येत नाही, निकोटीनची बाटली १० मिलीच्या वर नाही. ६० वॅटवर ती टाकी पाहता पाहता रिकामी होते. डीटीएलवाले म्हणून ‘शॉर्टफिल’ घेतात: ६० मिलीच्या बाटलीत निकोटीनविरहित ५० मिली असतं, त्यात १८ मिलिग्रॅमची १० मिलीची एक बाटली ओतायची आणि दोन मिनिटं हलवायची. १८ गुणिले १० भागिले ६०, म्हणजे बरोबर ३ मिलिग्रॅम.

नवी कॉइल बसवताना

जळका वास आणि घशात तिखट चटका ही नवख्यांची पहिली तक्रार. बहुतेक वेळा कॉइल कोरडी पेटवलेली असते. कोरडा कापूस जळला की तो वास त्या कॉइलमधून कधीच जात नाही, लिक्विड बदलून उपयोग नाही. कापूस आणि लिक्विड असं अतितापलं की फॉर्मल्डिहाइडसारखी घातक द्रव्यं तयार होतात, तेव्हा चटका बसला तरी रेटत ओढू नये.

कॉइलच्या अंगावर छोटी भोकं असतात, त्यांतून पांढरा कापूस दिसतो. प्रत्येक भोकावर लिक्विडचा एक-एक थेंब आणि आत मधोमध दोन थेंब सोडा. कापसाचा कोरडा पांढरेपणा जाऊन तो ओलसर, थोडा पारदर्शक दिसला पाहिजे. कॉइल बसवा, टाकी भरा आणि दहा मिनिटं उभी ठेवा. ७० टक्क्यांच्या वर व्हीजी असेल किंवा बाहेर कडाक्याची थंडी असेल तर पंधरा, कारण थंडीत व्हीजी आणखी दाट होतं. मग बटण न दाबता चार-पाच वेळा नुसतं ओढा. कॉइलवर, उदाहरणार्थ, ‘४० ते ६० वॅट’ असं कोरलेलं असतं. सुरुवात ४० वर करा, एक टाकी संपेपर्यंत तिथंच राहा, मग पाच-पाचनं वाढवा आणि जिथं चव नीट लागते तिथं थांबा. अशा बहुतेक कॉइली ५० च्या आसपास खूश असतात. कमाल आकडा म्हणजे गाठायचं लक्ष्य नव्हे.

टाकी खालून गळत असेल तर लिक्विड फार पातळ आहे का बघा: ५०/५० लिक्विड ०.२ ओहमच्या कॉइलमध्ये घातलं की मोठ्या भोकांतून ते वाहतंच. नाहीतर रबरी रिंग निसटलेली असते. गुडगुड आवाज येऊन तोंडात गरम थेंब उडत असतील तर कॉइलमध्ये लिक्विड साचलंय. तोंडाकडचा भाग टिश्यूत गुंडाळून यंत्र खाली झटका, वॅट पाचनं वाढवा. पडद्यावर ‘चेक अ‍ॅटोमायझर’ आलं तर घाबरण्यासारखं काही नाही. टाकी काढा, खालची पिन आणि यंत्रावरचा आटे असलेला खोबणा, ज्याला ५१० म्हणतात, कोरड्या कापसाच्या काडीनं पुसा, कॉइल हातानं घट्ट करा. तरीही येत असेल तर कॉइल गेली. दोन-तीन दिवसांत कॉइल काळी पडत असेल तर दोष सहसा लिक्विडच्या गोडपणाचा असतो. आंबा, कस्टर्ड, मिठाई अशा स्वादांत सुक्रालोज हे कृत्रिम गोड द्रव्य घातलेलं असतं, ते तारेवर करपतं. टेम्परेचर कंट्रोल नावाची सोय असेल तर ती बंदच ठेवा. ती निकेल, टायटॅनियम किंवा स्टीलच्या तारेवर चालते, नेहमीच्या कँथल नावाच्या मिश्रधातूच्या कॉइलवर तिला तापमान कळतच नाही.

लिक्विडऐवजी कुठलंही तेल, मग ते आयुर्वेदिक असो की सुगंधी, टाकीत घालायचं नाही. तेलाची वाफ फुप्फुसात थिजते. अमेरिकेत २०१९ साली व्हेपिंगमुळं फुप्फुसाच्या इजेची मोठी साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांना रुग्णालयात भरती व्हावं लागलं किंवा मृत्यू आला, मृतांचा आकडा ६८ होता. तपासात मुख्य कारण निघालं ते गांजाच्या काळ्या बाजारातल्या लिक्विडमध्ये घातलेलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट हे तेलकट द्रव्य.

घरात लहान मूल असेल तर बाटल्या कुलपात. वास आंब्याचा, झाकण उघडं आणि १० मिलीत २०० मिलिग्रॅम निकोटीन, एवढं मुलाच्या जिवावर बेतायला पुरतं. हातावर सांडलं तर लगेच साबणानं धुवा, निकोटीन कातडीतूनही आत जातं.

गावी येताना

सुट्टीला सातारा-सांगलीला येणाऱ्यांनी हे नीट वाचावं. ‘स्वतःपुरतं एक आणलं तर काय होतं’ असं सगळे म्हणतात. कायद्यात आयातीवर बंदी आहे आणि ‘स्वतःपुरतं’ अशी सूट त्यात नाही. मित्रासाठी दोन आणली तर गोष्ट आणखी वाढते. विमानाच्या चेक-इन बॅगेत लिथियम सेलचं व्हेप टाकायला तर कुठल्याच विमान कंपनीची परवानगी नसते, सामानाच्या कप्प्यात पेटलं तर विझवायला कुणी नसतं. वाटेत सिंगापूरला उतरणार असाल तर तिथं बाळगणंही गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये व्हेप विकणाऱ्या दुकानाला जुनी व्हेप परत घ्यावी लागतात. निघण्याआधी तिथंच जमा करा, कचऱ्यात टाकू नका, कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की सेल पेटतो.

मग गावी असेपर्यंत तलफेचं काय? भारतात निकोटीनचं च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतं. २ मिलिग्रॅमचं चिठ्ठीशिवाय, ४ मिलिग्रॅमचं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. मावा, गुटखा, तंबाखू-चुना किंवा मशेरी सोडू पाहणाऱ्या घरच्या मंडळींनाही व्हेपपेक्षा हाच रस्ता आहे. यात ‘किती पॉवरचं’ हे ठरवायची पद्धत मोठ्या यंत्रापेक्षा पुष्कळ सरळ आहे. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट किंवा पहिली चिमूट लागत असेल तर ४, नाहीतर २. गरोदरपणात, हृदयविकारात किंवा नुकताच झटका येऊन गेलेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. मोफत सल्ल्यासाठी तंबाखू सोडण्याची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे.

हे गम पेपरमिंटसारखं सतत चघळायचं नसतं. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी बंद, कारण आम्लामुळं तोंडातून निकोटीन शोषलं जात नाही. सावकाश चावा, झिणझिण्या किंवा तिखटपणा जाणवला की थांबा आणि गालफडात दाबून ठेवा. चव गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावा, जागा बदला. असं अर्धा तास. उचकी लागली किंवा पोटात जळजळ झाली तर भरभर चावलं जातंय आणि निकोटीन गिळलं जातंय, वेग निम्म्यावर आणा.